द्रुतविलंबित ते मंदाक्रांता

२०१९ च्या जानेवारीतल्या एका रविवारी, ऊन चांगलेच वर आलेले असताना, आम्ही मुंबईत पेडर रोडच्या चढावर चालत होतो. चालत होतो हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्या रस्त्यावर त्या दिवशी आम्ही धावण्यासाठी गेलो होतो. पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघालो तेव्हा याच चढावरून आम्ही शंभरेक जणांना मागे टाकले होते. आता परतीच्या वाटेवर ते शंभर जण आणि त्यांच्यासारखे आणखी कित्येक आमच्या शेजारून पुढे जात होते. पोटऱ्यांत गोळे आले होते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी आमच्या हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता थोडंच राहिलं." सहा किलोमीटर राहिले होते.

आमची ती पहिली मॅरेथॉन ५ तास १२ मिनिटांत पुरी झाली. पहिला अर्धा भाग २ तास ५ मिनिटांत आणि दुसरा ३ तास ७ मिनिटांत. छंदःशास्त्र शिकवण्यात ज्याची वीस वर्षे गेली त्याला हे आकडे पाहून एक वृत्त आठवणे अपरिहार्य होते. द्रुतविलंबित. न, भ, भ, र हे त्याचे गण. आरंभी तीन लघू अक्षरे लगबगीने निघतात आणि पुढे गुरू अक्षरे येऊन पाऊल जड करू लागतात. बारा अक्षरांच्या चरणात ही चाल मोहक वाटते. बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटरांत ती वाटत नाही.

घरी आल्यावर आम्ही कारणे शोधली. मुंबईची दमट हवा, रात्रीची अपुरी झोप, नवे बूट. तयारीत काही उणे असेल असे मनात आले नाही, कारण तयारी आम्ही कसून केली होती. आमचे गणित सरळ होते. साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करायची तर दर किलोमीटरला ६ मिनिटे २४ सेकंद लागतात. तेव्हा रोज सकाळी त्याहून थोड्या अधिक वेगाने आठ-दहा किलोमीटर धावावे, म्हणजे तो वेग अंगवळणी पडेल. आम्ही सहा महिने रोज तसेच धावलो. रोज धापा टाकत घरी आलो आणि धाप लागली म्हणजे मेहनत झाली असे समजून समाधान पावलो.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या रस्त्यांवर आम्हाला असे धावताना आमची एक जुनी विद्यार्थिनी अधूनमधून पाहत असे. ती आता आमच्याच महाविद्यालयाच्या कनिष्ठ विभागात शारीरिक शिक्षण शिकवते. त्या फेब्रुवारीत एका सकाळी तिने आम्हाला थांबवले, मुंबईचे आकडे विचारले, आणि ते ऐकून घेतल्यावर म्हणाली, "सर, तुम्ही रोज परीक्षा देता. अभ्यास कधी करता?"

अध्यापकाला विद्यार्थ्याने विचारावा असा हा प्रश्न नव्हे. पण प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा छातीला बांधायचा पट्टा आणि त्याच्याशी जोडलेले घड्याळ आम्हाला वापरायला दिले. "आठ दिवस नेहमीसारखंच धावा. फक्त ठोके बघा."

नाडीकडे पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीचे वर्णन आहे ते गतीच्या उपमांनी. वात वाढला की ती सापासारखी चालते, पित्त वाढले की बेडकासारखी वा कावळ्यासारखी, कफ वाढला की हंसासारखी. ही वाचनाची भाषा आहे, मोजणीची नव्हे. मोजणी पुढे आली. इंग्लंडात जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. धावत्या माणसाचे ठोके तारेच्या जोडणीवाचून मनगटावर दिसू लागले ते १९८२ मध्ये, पोलर या फिनलंडमधल्या कंपनीच्या यंत्राने. सापाच्या आणि हंसाच्या चालीपासून मनगटावरच्या तीन अंकांपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. त्या आठ दिवसांत ते तीन अंक १६५ च्या खाली क्वचितच आले.

हे जास्त की कमी, हे ठरवायचे कसे? बहुतेकांना ठाऊक असलेले सूत्र म्हणजे २२० मधून वय वजा करावे, येणारा आकडा हा हृदयाचा सर्वाधिक वेग. आमचे वय तेव्हा ४७, म्हणजे १७३. पण हे सूत्र सरासरीचे आहे आणि माणूस सरासरी असतोच असे नाही. दोन समवयस्क निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेले सुधारित सूत्र २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करते, ते आम्हाला १७५ देत होते. हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतल्यानंतर तिने आम्हाला वेताळ टेकडीकडे जाणाऱ्या एआरएआयच्या चढावर तीनदा जीव तोडून पळायला लावले. तिसऱ्या खेपेला घड्याळात १८४ आले. सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या मोजले तर ६६. या दोहोंतले अंतर ११८. कार्वोनेन या फिनिश शास्त्रज्ञाची १९५७ ची पद्धत अशी की या अंतराचा हवा तो हिस्सा विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवावा. साठ ते सत्तर टक्के धरले तर आमची सोपी धाव १३७ ते १४९ च्या दरम्यान पडत होती. म्हणजे आम्ही ज्याला रोजचा सराव म्हणत होतो तो रोजचा अतिरेक होता.

"एकशे पंचेचाळीसच्या वर जायचं नाही," तिने बजावले. "गेले की चालायचं."

पहिल्या सकाळी आम्ही दर किलोमीटरला ८ मिनिटे १० सेकंद या वेगाने धावलो, आणि त्यातही दोन चढ चालून गेलो. वसतिगृहातली आमची मुले शेजारून गेली. एकाने "सर, बरं नाही का?" असे काळजीने विचारले. झपाझप चालणारे एक निवृत्त गृहस्थ बराच वेळ आमच्या बरोबरीने चालले आणि मग कंटाळून पुढे गेले. हळू धावणे शरीराला सोपे असते, हे खरे. अवघड असते ते दुसऱ्याच गोष्टीला, आणि तिचे ठोके मोजणारा पट्टा निघालेला नाही.

पट्टा नसेल तेव्हा काय करायचे, हेही तिने सांगितले होते. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. एकटा माणूस बोलणार कोणाशी? आम्ही मनाचे श्लोक म्हणू लागलो. २०५ श्लोकांपैकी निम्मे तरी लहानपणापासून पाठ आहेत. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे नावानेच सापाची चाल, पण कफाच्या हंसासारखे ठाय लयीत म्हणता येणारे. १४० ठोक्यांना एका श्वासात दोन चरण होत. १५० ला दीड. १६० च्या पुढे गेले की पहिल्याच चरणात तिसऱ्या यगणाशी श्वास तुटे. चाळीस वर्षे पाठ असलेल्या श्लोकांचा असा उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते. एका वाटसरूने आम्हाला पाहून हात जोडले, तेव्हा मात्र संकोच वाटला.

पण हळू धावल्याने माणूस वेगवान होतो हे पटायचे कसे? तिने ते आम्हाला टप्प्याटप्प्याने समजावले. सोप्या धावेत हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला अधिकाधिक रक्त फेकायला शिकतो, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके कमी लागू लागतात. स्नायूंच्या तंतूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शरीर चरबी जाळायला सरावते. सत्तर किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने सत्तर कॅलरी लागतात, म्हणजे मॅरेथॉनला तीन हजारांच्या आसपास. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन साठते ते चारपाचशे ग्रॅम, म्हणजे फार तर दोन हजार कॅलरी. जो आरंभापासून जोरात धावतो तो हा साठाच मुख्यत्वे उडवतो, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर त्याच्या पायांतले त्राण गेल्यासारखे होते. चरबीचा साठा मात्र किडकिडीत माणसापाशीही कित्येक मॅरेथॉन पुरेल इतका असतो. तो वापरायला हळूहळूच शिकावे लागते. पेडर रोडवर आमचे जे झाले त्याचा जमाखर्च इतका साधा होता. दमट हवेचा आणि नव्या बुटांचा वाटा त्यात अगदीच किरकोळ.

तिने आम्हाला आर्थर लिडियार्डची गोष्टही सांगितली. न्यूझीलंडमधल्या बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस स्वतःवर प्रयोग करीत शिक्षक झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी त्याच्या दोन शिष्यांनी सुवर्णपदके जिंकली. पीटर स्नेलने ८०० मीटरचे, मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे. तिसरा, बॅरी मॅगी, मॅरेथॉनमध्ये तिसरा आला. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी स्नेलला लिडियार्डने डोंगराळ रस्त्यावर बावीस मैलांच्या धावा करायला लावल्या होत्या, दमछाक होऊ न देता. पुढे नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या दर पाच सत्रांतली चारेक सत्रे सोपीच असतात असे आढळले. आम्ही हौशी माणसे मात्र मधल्या पट्ट्यात अडकतो. सोप्या दिवशी नको इतके जोरात धावतो आणि म्हणून जोराच्या दिवशी हवे तितके जोरात धावू शकत नाही.

आठवड्यातून एकच दिवस तिने आम्हाला जोराचा दिला. १६० ते १६५ ठोक्यांवर वीस मिनिटे, पुढे तीस. रविवारी लांबची धाव, अठरा किलोमीटरपासून वाढवत तिसापर्यंत. बाकी सगळे सोपे.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना आम्हाला थोडे थांबावे लागते.

ही मुलगी प्रथम वर्ष कला शाखेत आमच्या वर्गात होती. धुळ्याकडची. घरात अहिराणी बोलणारी. वर्गात मंदाक्रांतेतल्या काही श्लोकांचे वाचन चालू होते आणि आम्ही एकेकाला उठवत होतो. तिची पाळी आली तेव्हा ती बोट ठेवून, शब्द सुटा करून, थांबत थांबत वाचू लागली. तास संपायला दहा मिनिटे होती आणि आम्हाला पाठ पुरा करायचा होता. आम्ही तिच्या बाकापाशी गेलो, "राहू दे," असे म्हणालो, आणि तिच्या हातातले पुस्तक घेऊन शेजारच्या चुणचुणीत मुलाला दिले. वर्ग हसला. आम्हीही बहुधा हसलो असू. पुढच्या वर्षी तिने मराठी विशेष विषय म्हणून घेतला नाही. शेवटी ती शारीरिक शिक्षणाच्या पदवीकडे वळली.

यात गंमत अशी की मंदाक्रांता या नावाचा अर्थच हळू पावले टाकत जाणारी. सतरा अक्षरे, पहिली चारही गुरू, चौथ्यावर यती. मग पाच लघू अक्षरे धावतात, सहावे गुरू थांबवते, पुन्हा यती, आणि उरलेली सात अक्षरे भरदार चालीने शेवटाकडे जातात. कालिदासाने मेघाचा सगळा लांबचा प्रवास याच वृत्तात केला आहे. आधी सावकाश, मग वेग, हा क्रम त्या वृत्तात आहे. हे सर्व आम्ही फळ्यावर लिहून शिकवले होते, आणि सावकाश वाचणाऱ्या मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेतले होते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, पावसाची भुरभुर चालू असताना, ती लांबच्या धावेला आमच्या सोबत होती. रस्ता सपाट होता, ठोके १४० वर स्थिर होते. आम्ही म्हणालो, "तुला आठवतं का, एफ. वाय.च्या वर्गात एकदा..." आणि वाक्य पुरे करण्यापूर्वीच घड्याळ वाजले. १५१. वेग तोच होता.

"हळू करा, सर," ती म्हणाली.

आम्ही हळू केले. अर्धा किलोमीटर कोणी काही बोलले नाही. मग तीच म्हणाली, "आठवतं. दोनच शब्द राहिले होते, सर."

आम्ही क्षमा मागितली. ती "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ आम्ही अजून लावत असतो. त्यानंतर तिने आम्हाला पाणी प्यायची आठवण केली आणि आम्ही उरलेले अकरा किलोमीटर धावलो.

त्या दिवशी आकड्याविषयीही एक गोष्ट कळली. ठोके म्हणजे फक्त श्रम नव्हेत. उकाडा, अपुरी झोप, आदल्या रात्रीचे जागरण, दोन कप जास्तीचा चहा, मनातली भीती किंवा लाज, सगळेच त्या एका अंकात येऊन मिसळते. लांबच्या धावेत वेग न बदलताही ठोके हळूहळू चढत जातात, कारण घामाने रक्तातले पाणी कमी होते आणि हृदयाला तीच कामगिरी जास्त वेळा धडकून करावी लागते. सप्टेंबरात एका सकाळी विश्रांतीचे ठोके अचानक आठाने वाढलेले दिसले. दोन दिवसांनी ताप आला. संहितेपुढे बसलेल्या वाचकाला हे नवे वाटू नये. अंक वाचायचा असतो, आणि वाचायचा म्हणजे त्याच्या मागेपुढे काय आहे तेही पाहायचे असते.

डिसेंबरच्या अखेरीस त्याच १४५ ठोक्यांना आम्ही ७ मिनिटे ५ सेकंदांनी किलोमीटर धावत होतो. दहा महिन्यांत पासष्ट सेकंदांची कमाई झाली होती, तीही जवळजवळ सगळी हळू धावून. विश्रांतीचे ठोके ५७ वर आले होते. मध्ये सहा आठवडे काहीच हलले नव्हते, आणि त्या काळात दोनदा आम्ही तिच्या नकळत जुन्या वेगाने धावून पाहिले होते, हेही नोंदवले पाहिजे.

१९ जानेवारी २०२० रोजी पुन्हा मुंबईत उभे राहिलो. तिची सूचना एका ओळीची होती. तिसाव्या किलोमीटरपर्यंत १५२ च्या वर नाही, नंतर जमेल तसे. सुरुवातीच्या गर्दीत, ढोल वाजत असताना, उभ्यानेच ठोके ११० च्या पुढे गेले होते. मरीन ड्राइव्हवर माणसांचे लोंढे आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले. पेडर रोडच्या पहिल्या चढावर आम्ही जवळजवळ चालण्याच्या वेगाने धावलो, आणि मागच्या वर्षीचे आम्हीच आम्हाला मागे टाकून गेल्यासारखे वाटले. सागरी सेतूवर वारा होता. माहीमला उजाडलेले होते. अर्ध्यावर घड्याळात २ तास २२ मिनिटे झाली होती, म्हणजे मागच्या खेपेपेक्षा सतरा मिनिटे उशीर.

तीस किलोमीटर झाल्यावर आम्ही आकड्याकडे पाहणे सोडले आणि श्लोकाचा आधार घेतला. एका श्वासात एक चरण. पेडर रोडचा परतीचा चढ आला. तेथे चालणाऱ्यांची रांगच होती, पाय ओढत, कमरेवर हात ठेवून. आम्ही त्यांच्या शेजारून हळू धावत वर गेलो. कोणाला मागे टाकल्याचा आनंद त्या वेळी झाला नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाचे पहिले दहा किलोमीटर आम्हाला ठाऊक होते. दुसरा अर्धा भाग २ तास १९ मिनिटांत झाला, एकूण ४ तास ४१ मिनिटे. साडेचार तास हुकले ते हुकलेच. एकतीस मिनिटे मात्र वाचली, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा तीन मिनिटांनी जलद झाला. वृत्त बदलले होते.

तिला फोन केला तर तिने पहिला प्रश्न विचारला तो सरासरी ठोक्यांचा. १५४ सांगितल्यावर म्हणाली, "चांगलंय. आता आठ दिवस पळू नका."

पुढच्या दोन वर्षांत शर्यत झाली नाही आणि वर्गही बराच काळ बंद राहिले. ते पुन्हा भरू लागल्यावर आम्ही वाचनाचा तास पूर्वीसारखाच ठेवला, फक्त पुस्तक हातातून घ्यायचे नाही एवढा नियम स्वतःला घालून घेतला. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच थांबत थांबत वाचत होता. पहिल्या चार गुरू अक्षरांवर त्याने इतका वेळ घेतला की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. आम्ही काही बोललो नाही. खिडकीशी उभे राहिलो. मनगटावरच्या घड्याळाकडे वेळ पाहण्यासाठी नजर गेली तर तेथे ठोक्यांचा आकडा होता, ९६.

आम्ही नुसते उभे होतो. मुलाचे अजून तेरा अक्षरे वाचायचे राहिले होते.